लकव्याच्या रुग्णाला घरी सांभाळणाऱ्या बाईने स्वतःचा ताण कसा हलका करावा?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे ज्यांच्या घरी अशीच परिस्थिती आहे त्यांनाही संदर्भ लागेल. सासूबाई ७२ वर्षांच्या. ८ महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, शब्द तेवढे येत नाहीत. आधार दिला की पलंगाच्या कडेला बसतात. यजमान सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर जातात, मुलगा नववीला, मुलगी पाचवीला, नणंद पुण्यात. रात्री तीन-चारदा उठावं लागतं, कंबर धरलीय, आणि परवा मुलीवर हात उचलला गेला म्हणून तुम्ही रात्रभर रडलात. येणारेजाणारे सांगतात, ध्यान कर, प्राणायाम कर, स्वतःसाठी थोडा वेळ काढ. तुम्ही विचारलंत, तो वेळ आणायचा कुठून?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सोलापुरात घरी जाऊन लकव्याच्या रुग्णांचे व्यायाम घेण्याचं काम बरीच वर्षं करते. कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलापासून जुळे सोलापुरातल्या बंगल्यांपर्यंत सगळीकडे जाणं होतं. घर लहान असो की मोठं, रुग्णाशेजारी उभ्या असलेल्या बाईचा चेहरा सारखाच ओढलेला असतो. (ती बहुतेक वेळा बाईच असते. सून, बायको, नाहीतर लेक.) या सगळ्यांकडे बघून माझं एक मत पक्कं झालंय. कामाने माणूस दमतो तो झोपला की सावरतो. खरा थकवा येतो तो पहाऱ्याचा. भाकऱ्या थापताना एक कान आतल्या खोलीत, आंघोळीला गेलात तरी लक्ष बाहेरच्या हाकेकडे, भाजी आणायला गेलात तर दर पाच मिनिटांनी फोन बघायचा. दुपारी पडायला अर्धा तास मिळाला तरी डोळा लागत नाही, कारण पहारा तुमच्याकडेच आहे. अशा अर्ध्या तासात ध्यानाला बसून काय होणार? ध्यान वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याचा पहारा काही वेळापुरता का होईना दुसऱ्या कुणी घेतलाय, त्याला त्याचा उपयोग होतो.

म्हणून माझ्या उत्तराचा रोख असा आहे: आठवड्यात असे काही तास मिळवायचे की ज्या वेळात सासूबाईंची जबाबदारी खरोखर तुमची नसेल. आणि ते जमेपर्यंत रात्र आणि कंबर या दोन गोष्टी आधी हलक्या करायच्या, कारण त्या मोडल्या की बाकीचं काहीच जमत नाही.

यात बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. सासूबाईंना समज आहे, बसता येतं, हे तुमच्या बाजूचं. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असता आणि संध्याकाळ झाली की घराबाहेर जायला बघत असता, तर उत्तर वेगळं झालं असतं. पैशाची सोय किती, घरात खोल्या किती, यजमानांची पाळी बदलती की ठरलेली, यानेही फरक पडतो. मी सांगते त्यातलं तुमच्या घराला बसेल तेवढं घ्या.

आधी रात्र. पुढचे तीन-चार दिवस उशाशी वही ठेवा आणि उठलात की फक्त वेळ आणि कारण लिहा: लघवी, कूस बदलणं, पाणी मागितलं, नुसतीच हाक मारली. हे लिहिल्याशिवाय उपाय सापडत नाही, कारण झोपमोड झालेल्या माणसाला सकाळी सगळी कारणं एकच वाटतात.

लघवीसाठी उठावं लागत असेल तर तीन गोष्टी डॉक्टरांना विचारा. बीपीच्या किंवा सुजेच्या औषधांत लघवी वाढवणारी गोळी आहे का, आणि असली तर ती सकाळी देता येईल का? बऱ्याच घरांत मी ती संध्याकाळच्या डब्यात पडलेली पाहिली आहे. दुसरं, साखर तपासली का? साखर वाढली की रात्री लघवी वाढते. तिसरं, लघवीला वास, जळजळ, अधूनमधून ताप असं आहे का? असेल तर लघवीची तपासणी करून घ्या. औषधांच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नका आणि रक्त पातळ करणारी गोळी तर एक दिवसही चुकवू नका. पाण्याचं म्हणाल तर दिवसभरातलं कमी करायचं नाही, एप्रिल-मेमध्ये तर नाहीच. आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि रुग्णाला तहान सांगता येत नाही. फक्त जास्तीत जास्त पाणी संध्याकाळी सहाच्या आत पोटात जाईल असं बघा. रात्रीपुरता डायपर वापरायला सासूबाईंची हरकत असेल तर पलंगाला लागून कमोडची खुर्ची ठेवा. बाथरूमपर्यंतच्या दहा पावलांत तुमची झोप पूर्ण उडते, खुर्चीवर बसवून परत झोपवलं तर अर्धवटच मोडते.

आता कूस बदलणं. दवाखान्यातून सोडताना 'दर दोन तासांनी कूस बदला' असं सांगितलं असेल. त्या वेळी ते बरोबरच होतं, तेव्हा त्यांना स्वतःहून हलताही येत नव्हतं. पण आज ८ महिन्यांनी तीच सूचना तशीच चालू ठेवायची का, हे कुणी तरी पुन्हा बघायला हवं, आणि घरोघरी नेमकं तेच राहून जातं. सासूबाई डाव्या हातापायाने स्वतः थोड्या सरकतात का? गादी चांगली आहे का? कातडी ठीक आहे का? ही उत्तरं चांगली असतील तर रात्रीचं अंतर चार तासांपर्यंत वाढवता येतं. हा निर्णय मात्र डॉक्टरांनी किंवा नर्सने कातडी बघून घ्यायचा.

कातडी बघायची पद्धत सोपी आहे. रोज सकाळी माकडहाड, खुबे, टाचा, घोटे आणि डोक्याची मागची बाजू बघायची. लाल झालेल्या जागी बोट दाबून सोडायचं. जागा पांढुरकी होऊन परत लाल झाली तर ठीक. दाबूनही लालच राहिली तर तिथे जखम व्हायच्या बेतात आहे, त्या बाजूवर झोपवायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. आपला वर्ण सावळा असला की लाली पटकन कळत नाही, म्हणून हात फिरवून बघा. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा पिचपिचीत लागते.

हवेची गादी घेतली असेल तर एक सांगते. तिच्या कप्प्यांत आळीपाळीने हवा भरते आणि उतरते, त्यासाठी पंप सतत चालू लागतो. लाइट गेली की हवा उतरते आणि रुग्ण थेट फळीवर येतो. म्हणून तिच्याखाली साधी फोमची गादी असू द्या आणि इन्व्हर्टर असेल तर पंप त्यावर घ्या. लाइट जाईल या धास्तीने जागणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तेवढी धास्ती तरी कमी होते.

राहिली नुसती हाक. सासूबाईंना बोलता येत नाही, त्यामुळे त्या काहीतरी आपटून बोलावत असतील आणि तुम्ही प्रत्येक आवाजाला दचकून उठत असाल. डाव्या हाताशी रिमोटची बेल बांधा, तिचा दुसरा भाग तुमच्या उशाशी. कान लावून झोपायची गरज उरत नाही. आणि आठवड्यात दोन रात्री ती बेल यजमानांच्या उशाशी जाऊ द्या. त्यांची रात्रपाळी नसेल तो आठवडा बघून कोणत्या दोन रात्री ते आधीच ठरवा, कॅलेंडरवर लिहा. त्या रात्री तुम्ही शक्यतो दुसऱ्या खोलीत झोपा, मुलांबरोबर.

आता कंबर, जो माझा रोजचा विषय आहे. तुम्ही लिहिलंत की 'काखेत हात घालून उचलते'. हे आजपासून बंद करा, दोघींसाठी. लकव्याच्या बाजूचा खांदा आधीच सैल झालेला असतो, ओढल्याने तो उतरतो, आणि त्या दुखण्याने पुढे व्यायामही होत नाहीत. तुमच्या मणक्यावर त्यांचं पूर्ण वजन येतं ते वेगळंच.

पलंगावरून खुर्चीवर नेताना उचलायचं नसतं, वळवायचं असतं. खुर्ची सासूबाईंच्या डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला, पलंगाला तिरकी लावा. चाकांची असेल तर ब्रेक लावा. त्यांना सरकत सरकत कडेला आणा, दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघ्यांपेक्षा जरा आत. त्यांच्या कमरेला रुंद, मजबूत पट्टा बांधा, तुमची पकड तिथे. तुमच्या गुडघ्याने त्यांचा उजवा गुडघा समोरून अडवा, म्हणजे तो दुमडणार नाही. मग त्यांना पुढे वाकायला सांगा, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. इथेच सगळी गंमत आहे. माणूस पुढे वाकला की कुल्ले आपोआप हलके होतात, मागे रेलून राहिला तर दोन माणसं लागतात. 'एक, दोन, तीन' म्हणा, तीनवर त्यांनीही डाव्या पायाने जोर लावायचा, डाव्या हाताने खुर्चीचा हात धरायचा, आणि तुम्ही पाठ न पिळता पावलं टाकत वळायचं. वाचून करू नका. जवळच्या फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलवा आणि तुमच्याकडून, यजमानांकडून आणि मुलाकडून प्रत्येकी दोन-तीनदा करून घ्या. रुग्णाच्या व्यायामाची फी देतो, तशीच ही घरच्यांच्या शिकवणीची फी समजा. ती सगळ्यात आधी वसूल होते.

पलंगाची उंची बघा. सासूबाई बसू शकतात, त्यामुळे बसल्यावर पावलं टेकतील आणि कुल्ले गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहतील इतकी हवी. पलंग बुटका असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे घाला, सुतार खाच पाडून देतो. खाली गादी घालून झोपवत असाल तर ते थांबवा, त्याने तुमची कंबर रोज मोडते. आणि अंथरुणात वर सरकवायला एक साधन तुमच्या घरात नक्की असणार: जुनी सोलापुरी चादर. तिची दुहेरी घडी खांद्यांपासून मांड्यांपर्यंत त्यांच्याखाली आडवी घाला, दोन बाजूंनी दोघांनी कडा गुंडाळून धरा आणि सरकवा, उचलू नका. चादरीची वीण जाड आणि खरखरीत असते, म्हणून तिच्यावर मऊ सुती चादर हवी, आणि काम झालं की सुरकुती राहू द्यायची नाही. लुळा हात टेकवायला टर्किश टॉवेलची गुंडाळी पुरते, त्यासाठी महागड्या उशा घ्यायची गरज नाही.

इथवरचं बरंचसं एकटीनेही सुरू करता येतं. आता ज्याला दुसऱ्या माणसांची गरज आहे त्याकडे येते, आणि ते सगळ्यात अवघड आहे.

घरच्यांकडे आपण 'मदत' मागतो. "जरा आईंकडे बघ, मी आलेच." यात काम त्यांचं आणि पहारा आपला, असंच राहतं. गोळी कुठली, डायपर कुठे, त्या हात हलवतात म्हणजे काय हवंय, हे सगळं ते तुम्हालाच विचारणार. म्हणून मी घरच्यांना सांगते की तुकडे घेऊ नका, एक आख्खी गोष्ट घ्या. उदाहरणार्थ औषधं यजमानांची. म्हणजे संपत आलीत हे लक्षात ठेवणं, आणणं, आठवड्याचा डबा भरणं, फाइल नीट ठेवणं, डॉक्टरांची पुढची तारीख, सगळं त्यांचं. तुम्ही फक्त डब्यातली गोळी द्यायची. नववीतल्या मुलाला रोज संध्याकाळी आजीचे व्यायाम द्या, वीस मिनिटं, तेही मी किंवा माझ्यासारख्या कुणी शिकवून. नातवाने सांगितलेला व्यायाम आज्या मुकाट्याने करतात, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. मुलाच्या अभ्यासाचं काय, ही तुमची काळजी रास्त आहे. दहावीच्या वर्षी हे बदला.

पुण्याच्या नणंदबाईंचं तुम्ही थोडं कडवटपणे लिहिलंय, की फोनवर सूचना देतात. तो कडवटपणा मला समजतो. पण त्यांच्याकडून लांबून होण्यासारखी कामं आहेत: विम्याचे आणि सरकारी कागद ऑनलाइन भरणं, डायपर, पॅड मागवणं, नातेवाइकांच्या चौकशीच्या फोनना उत्तरं देणं. आणि महिन्यातून एकदा शनिवार-रविवार त्यांनी इथे यायचं, पाहुणी म्हणून नव्हे. त्या दोन दिवसांत तुम्ही घराबाहेर असायचं. माहेरी जा, मैत्रिणीकडे जा, जानेवारीत मुलांना घेऊन सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत जा. घरात राहिलात तर पहारा तुमच्याकडेच परत येतो. हे बोलणं यजमानांनी बहिणीशी करावं, तुम्ही नाही. सुनेने मागितलं की तक्रार ठरते, भावाने मागितलं की आईची सोय ठरते. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण आपल्या घरांत असंच आहे.

आणि यात तुमच्याही बाजूने एक गोष्ट लागते. ज्याला दिलं, त्याला त्याच्या पद्धतीने करू द्या. नणंद वेणी वाकडी घालेल, यजमान खिचडी पातळ करतील. जीवाला धोका असलेल्या चार-पाच गोष्टी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा: गोळ्यांच्या वेळा, बसवूनच भरवायचं, उजव्या हाताला धरून ओढायचं नाही, डॉक्टरांचा नंबर, कधी लगेच दवाखान्यात न्यायचं. बाकी सगळं सोडून द्या. दर अर्ध्या तासाने फोन करून विचारलंत तर सुटी मिळूनही मिळाली नाही.

नातेवाईक नसतील तिथे शेजार असतो. विडी वळणाऱ्या एका बाईंकडे मी जात असे. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे गेलेला प्रत्येक तास म्हणजे बुडालेले पैसे. त्यांनी दोन घरं सोडून राहणाऱ्या बाईशी बोली केली होती: दुपारी दोन तास ती सासऱ्यांजवळ बसायची, आणि बदल्यात तिची दोन लहान मुलं संध्याकाळी यांच्याकडे. पैशाचा प्रश्नच नव्हता. शहराच्या पूर्वभागात आणि घरकुलात अशा बोली सहज होतात. बंगल्यांत शेजाऱ्याला विचारायचाच संकोच असतो, तिथे पगारी मावशी शोधतात.

मावशी ठेवायची ठरली तर दिवसभराची नको, सकाळचे दोन तास बघा. अंग पुसणं, कपडे, अंथरूण, शी-शू हे सगळं त्याच वेळात येतं आणि मुलांचे डबेही तेव्हाच असतात. तेवढाच भार उतरला तरी दिवस बदलतो. नळाला पाणी रोज येत नाही हे सोलापूरकरांना सांगायला नको. त्यामुळे रोज पूर्ण आंघोळीचा हट्ट सोडा. दोन पातेल्यांत कोमट पाणी, एक साबणाचं, एक साधं, आणि अंग पुसून काढणं पुरेसं आहे. काख, जांघा, पाठ नीट कोरडी झाली पाहिजे. पूर्ण आंघोळ आणि चादरींचं धुणं पाण्याच्या दिवशी.

जेवणाचं वेगळं ओझं करू नका. गिळताना ठसका लागत असेल तर कडक भाकरी आणि कोरडी शेंगाचटणी त्यांना देऊ नका, चटणीची पूड घशात सहज उडते. पण त्यासाठी दुसरा स्वयंपाक कशाला? घरातलीच ज्वारीची भाकरी आमटीत चांगली भिजवून कुस्करा, नाहीतर मऊ खिचडी सगळ्यांनाच करा. ताठ बसवून, लहान चमच्याने, बोलायला न लावता, आणि जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवायचं. पाण्यालाही ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता येत असेल, तर डॉक्टरांना सांगाच. त्यातून छातीत जंतुसंसर्ग होतो.

सासूबाई ताट ढकलतात, तुमच्यावरच चिडतात, असं तुम्ही लिहिलंय. मनात शब्द असून तोंडात न येणं यासारखी कोंडी नाही, आणि ती कोंडी जवळच्या माणसावरच फुटते. त्यांना 'काय हवंय?' असं विचारू नका. 'पाणी हवं?' असं विचारा, मान हलवून हो-नाही घ्या. एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तराला दहा सेकंद थांबा. पाणी, संडास, दुखतंय, गरम होतंय, झोपायचंय अशी पाच-सहा चित्रं एका पुठ्ठ्यावर चिकटवा, मुलगी आनंदाने काढून देईल. आणखी एक. आपल्या गावात घरात एक भाषा, गल्लीत दुसरी. सासूबाईंच्या माहेरची भाषा कन्नड किंवा तेलुगू असेल तर त्या भाषेत बोलून बघा. झटक्यानंतर सगळ्या भाषांवर सारखा परिणाम होतोच असं नाही. माहेरच्या भाषेत पहिला शब्द निघालेले रुग्ण मी पाहिले आहेत.

सासूबाई दिवसचे दिवस उदास असतील, जेवण सोडत असतील, व्यायामाला तयारच नसतील, तर 'वयच झालं' म्हणून सोडू नका. झटक्यानंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे. ते सुरू झालं की घरातला निम्मा ताण उतरलेला मी पाहिलाय.

भेटायला येणाऱ्यांसाठी वेळ ठरवा, संध्याकाळी पाच ते सहा, आणि दारावर लिहून लावा. चहा करायचा नाही असं ठरवलंत तरी कुणी रागावत नाही. येताना सल्लेही येतात: अमक्या गावचं लकव्याचं औषध, कबुतराचं रक्त, कसलीशी पुडी. वाद घालू नका, "डॉक्टरांना विचारून सांगते" एवढंच म्हणा आणि काहीही देऊ नका. पुड्यांत काय असतं ते कुणालाच ठाऊक नसतं.

कागदपत्रांचं भराभर सांगते, कारण पैशाची ओढाताण हाही ताणच आहे. सासूबाई ७० च्या वर आहेत, त्यामुळे आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, उत्पन्नाची अट नाही, दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत होतात. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व ठरलं तर बऱ्याच सवलतींचं दार उघडतं. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. हे काम नणंदबाईंना द्या. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ वर सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते, तिथेही माहिती मिळते. कमोडची खुर्ची, वॉकर, व्हीलचेअर विकत घेण्याआधी चौकशी करा, काही सामाजिक संस्था अनामत घेऊन वापरायला देतात.

आता मुलीवर हात उचलला गेला त्याविषयी. तुम्ही वाईट आई आहात म्हणून ते झालं नाही. ८ महिने सलग झोप न झालेल्या माणसाचा तोल सुटतो, आणि जो सगळ्यात लहान आणि सगळ्यात जवळ असतो त्याच्यावर तो सुटतो. मुलीला जवळ घेऊन सांगा की चूक तिची नव्हती, मी फार दमले होते. पाचवीतल्या मुलीला हे समजतं. पुढच्या वेळी राग चढतोय असं वाटलं, मुलीचा असो वा सासूबाईंचा, तर सासूबाई पडणार नाहीत अशा बसवून किंवा झोपवून खोलीतून बाहेर या. गच्चीत जा, दाराशी उभ्या राहा, पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांनी त्यांचं काही बिघडत नाही.

पण काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर घरगुती उपाय पुरत नाहीत. झोपायला मिळूनही झोप येत नाही, रोज रडू येतं, जेवणावरची वासना गेली, कशातच जीव लागत नाही, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा. सासूबाईंच्या तपासणीला जाल तेव्हाच स्वतःचा केसपेपर काढा, वेगळी खेप पडत नाही. 'आपण नसलेलंच बरं' किंवा 'या सुटल्या तर बरं' असे विचार येत असतील तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सेवा सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. दुसरा विचार अनेक सांभाळणाऱ्यांच्या मनात येऊन जातो, मला कितीतरी जणींनी दार लावून सांगितलाय. तो आला म्हणून तुमची माया कमी ठरत नाही, पण तो मनात एकटीने दाबून ठेवू नका. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करावीशी वाटली तर त्याच क्षणी कुणाला तरी हाक मारा, एकट्या राहू नका.

हे सगळं एकदम करायला घेऊ नका. या आठवड्यात फक्त रात्रीची वही आणि रिमोटची बेल. पुढच्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टला बोलावून उठवण्याची पद्धत शिकणं. यजमानांशी बोलणं त्यानंतर, त्यांची पहिली पाळी असेल त्या आठवड्यात, संध्याकाळी दोघंही जरा निवांत असताना.

वही भरली की मला तीन गोष्टी कळवा. सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्यावर आधार काढला तर किती वेळ तोल धरतात, उजवा पाय गुडघ्यात थोडा तरी ताठ करता येतो का, आणि रात्री उठण्याचं सगळ्यात जास्त वेळा आलेलं कारण कोणतं. त्यावरून कमोडच्या खुर्चीवर त्यांना एकट्याने बसता येईल का, आणि त्यासाठी कोणते व्यायाम आधी घ्यायचे, ते नेमकं सांगता येईल.